तेरा चोर आणि खिडकीतले बूट

१८ डिसेंबर

“डिसेंबरात आइसलँडला कोण जातं?” हा प्रश्न अलिबागहून आला, ठाण्याहून आला आणि इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये आमच्या शेजारच्या आजीबाईंनीही विचारला. लेकीला यंदा शाळेत ज्वालामुखी शिकवले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिचा शेंगेन व्हिसा मुंबईहूनच काढून आणलेला, तो वाया घालवायचा नव्हता. शिवाय लंडनहून केफ्लाविक, म्हणजे आइसलँडचा विमानतळ, अवघ्या तीन तासांवर. म्हणून आम्ही गेलो.

विमान दुपारी साडेचारला उतरलं तर बाहेर मिट्ट काळोख. आईने घड्याळ काढून कानाला लावलं. या दिवसांत तिथे सूर्य सव्वाअकराच्या पुढे उगवतो आणि साडेतीनला मावळतो, हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि दिव्यांच्या खांबाखाली आडवा उडणारा बर्फ बघणं वेगळं.

गाडी भाड्याने घेतली. टायरना बर्फासाठी खिळे मारलेले. काउंटरवरच्या मुलाने दोनदा बजावलं, गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. नवऱ्याने दोनदा मान डोलावली. पहिल्याच पेट्रोलपंपावर त्याने दार एका हाताने उघडलं. वाऱ्याने ते हिसकावून असं काही उलटं फिरवलं, की बिजागरीतून हाड मोडल्यासारखा आवाज आला. त्यानंतर पाच दिवस ते दार जुन्या वाड्याच्या दिंडीसारखं कुरकुरत होतं. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, वाऱ्याने दार मोडल्यास भरपाई नाही. आकडा इथे लिहीत नाही, घरात अजून तो विषय काढायचा नाही असं ठरलंय.

राजधानी रेक्याविकचा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. उजव्या हाताला, अंधारात कुठेतरी, ग्रिंदाविक. १० नोव्हेंबर २०२३च्या रात्री हे अख्खं गाव रिकामं केलं, आणि त्याच डिसेंबरपासून तिथल्या जमिनीला भेगा पडून पुन्हापुन्हा लाव्हा वर येतोय. जानेवारीत तो गावातल्या घरांपर्यंत पोचला. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. काही दिसलं नाही. तिला कुठेतरी लाल उजेड हवा होता.

घरात शिरल्यावर आईने गरम पाण्याचा नळ सोडला आणि मागे सरली. “अगं, इथे अंडं सडलंय कुठेतरी.” अंडं नव्हे, गंधक. रेक्याविकमध्ये गरम पाणी थेट जमिनीच्या पोटातून नळाला येतं आणि त्याच पाण्यावर घरं उबदार राहतात. वापरून कोमट झालेलं पाणीही फुकट घालवत नाहीत, फुटपाथखालच्या नळ्यांतून फिरवून बर्फ वितळवतात. थंड पाण्याला मात्र कसलाच वास नाही, ते नळालाच ओंजळ लावून प्यावं. “म्हणजे गॅसचं बिल नाही?” आईने विचारलं. तिला देश आवडायला सुरुवात झाली ती इथून.

फ्रिजवर तेरा दाढीवाल्यांचं चित्र लावलं होतं आणि घरमालकिणीने आमच्या पोरीसाठी म्हणून त्यांची हकिकत मोबाइलवर लिहून पाठवली होती. इथे एक सांताक्लॉज नसतो, तेरा भाऊ असतात. ग्रीला नावाच्या राक्षसिणीची पोरं. १२ डिसेंबरपासून रोज रात्री एक असे डोंगरातून खाली येतात आणि प्रत्येकाची एक खोड असते. मुलांनी खिडकीत बूट ठेवायचा. शहाण्या मुलाच्या बुटात खाऊ, वाह्यात मुलाच्या बुटात बटाटा. शिवाय एक अक्राळविक्राळ मांजर आहे, नाताळात नवा कपडा न मिळालेल्यांना खाणारं. ते ऐकून आईने आपला नवा स्वेटर लगेच दाखवून ठेवला.

आइसलँडिक नावं कुणाच्याच जिभेवर बसेनात, तेव्हा आजी-नातीने बारसंच घातलं. १८ तारखेचा हुर्दास्केत्लिर, जो रात्री दारं आपटतो, तो झाला दारआपट्या. लेकीने बाबाकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. झोपताना तिने हुकूम काढला की बूट चौघांनीही ठेवायचे.

१९ डिसेंबर

सकाळी बाबाच्या बुटात बटाटा. लेकीच्या बुटात संत्रं. आई गॅसपाशी अगदी मन लावून चहा उकळत होती. आदल्या रात्री दुकानातून आणलेली बटाट्यांची पिशवी कुणी फोडली, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

आजचा पाहुणा स्किरगामुर, म्हणजे स्किर हादडणारा. स्किर इथे दुकानात डब्यांच्या राशीत मिळतं. आईने चमचाभर चाखलं, टाळूला लावून बघितलं. “हा तर चक्का आहे.” आणि खरोखरच तो चक्का. साय काढलेल्या दुधाला विरजण लावून पाणी गाळून काढलेला, थोडा अधिक गुळगुळीत. अर्ध्या तासात साखर फेटून, पर्समधली वेलची कुटून श्रीखंड तयार. माझ्या आईच्या पर्समध्ये वेलची का असते, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. विमानतळावर ती पर्स दोन वेळा उघडली होती.

उजाडायची वाट बघत साडेदहाला बाहेर पडलो. तासभर आकाश नुसतं निळंजांभळं, मग कडेला केशरी, आणि सूर्य क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर येऊन तसाच आडवा सरकत गेला. इथे सूर्योदय कुठे संपतो आणि सूर्यास्त कुठे सुरू होतो ते कळत नाही. फोटोसाठी उत्तम, जेवणाच्या वेळांसाठी वाईट.

हाल्ग्रिम्सकिर्क्या हे चर्च टेकाडावर आहे, ७४ मीटर उंच, गावात कुठूनही दिसतं. ग्वुदयोन सामुएल्सन या वास्तुकाराने लाव्हा थंड होताना जे दगडी खांब तयार होतात तशी त्याची दर्शनी बाजू रचली. बांधकाम १९४५ला सुरू झालं आणि १९८६ला संपलं. नवरा म्हणाला, आपल्या पुलांसारखंच. आत अगदी साधं, पांढरं. मला बाहेरूनच जास्त आवडलं.

दिवस मात्र लक्षात राहिला तो दुपारच्या तरणतलावामुळे. ब्लू लगून या पर्यटकांच्या गरम पाण्याच्या तळ्याची तिकिटं बघून आम्ही हात जोडले होते. गावातली माणसं जिथे जातात तिथे गेलो. सुंदहोत्लिन, १९३७चा तलाव, बांधणारा तोच चर्चवाला ग्वुदयोन. फलक ठळक होता. पाण्यात जाण्याआधी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने अंघोळ करायची, सगळ्यांसमोर, आडोसा नाही. कुठे कुठे साबण लावायचा ते माणसाच्या चित्रावर लाल रंगाने दाखवलेलं. मी इंग्लंडात तेरा वर्षं काढूनही माझे पाय जागेवरच थिजले. टॉवेल गुंडाळून मी लेकीला घाई करत होते, तिच्यावरच चिडत होते, “पटापट कर, इकडेतिकडे बघू नकोस.” आई माझ्या शेजारून शांतपणे पुढे गेली, साबण घेतला आणि अंगाला लावू लागली. “आम्ही नदीवर अंघोळ केलेल्या बायका,” ती म्हणाली. “लाज तुमच्या पिढीने बंद बाथरूममध्ये शिकली.”

बाहेर हवा उणे चार. आणि आई भाड्याने घेतलेल्या निळ्या पोशाखात चाळीस अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली, डोक्यावर हळूहळू बर्फ साठतोय, शेजारी तिच्याच वयाची एक स्थानिक बाई. दोघींची भाषा वेगळी, पण अर्धा तास त्या काहीतरी बोलत होत्या. मी विचारलं काय बोललीस, तर म्हणाली, “गुडघे.” मग तिला पालीजवळचं उन्हेरे आठवलं. लहानपणी वडिलांनी तिथल्या कुंडात बुडवून काढलं होतं, खरूज झाली म्हणून. “तेव्हाही असाच वास होता.”

२० डिसेंबर

आज बटाटा मला. कारण न विचारता मी तो ओट्यावर ठेवला. नवऱ्याने आपला बटाटा शेजारी सरकवला.

आजचा भाऊ सॉसेजचोर. बंदराजवळच्या टपरीवर मेंढीच्या मांसाचा हॉटडॉग खाऊन नवऱ्याने त्याला मान दिला, आम्ही बाकीचे सोवळे राहिलो आणि गोल्डन सर्कलच्या, म्हणजे पर्यटकांच्या नेहमीच्या एका दिवसाच्या फेरीच्या, वाटेला लागलो.

थिंगवेत्लिरला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. बुटांना काटेरी साखळ्या चढवून आम्ही आल्मान्नाग्याच्या घळीतून चालू लागलो. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती. ही उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाची कड, युरेशियाचा भूपट्ट पूर्वेला काही किलोमीटर पलीकडे, आणि दोन्ही वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने एकमेकांपासून दूर चाललेले. दूर जाताना मधली जमीन खचते, तिचीच ही घळ. लेकीने हिशेब केला. “मी वर्षाला सहा सेंटीमीटर वाढते. म्हणजे मी जिंकले.”

इथेच ९३० साली आल्थिंग भरली, देशाची लोकसभा. तेव्हा कायदे लिहिलेले नव्हते. एक कायदासांगा निवडायचे आणि तो कड्यावर उभा राहून दर वर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत सगळा. आईने कीर्तनकार-पुराणिकांची सगळी परंपरा ऐकलेली, तिला यात नवल वाटलं नाही. तिला नवल वाटलं ते इथे आडनावं नसतात याचं. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आणि त्याला मुलगा म्हणून सोन, मुलगी म्हणून दोत्तिर. कधी आईचंही नाव लागतं. लग्नाने नाव बदलत नाही. “म्हणजे आपलं मधलं नाव, फक्त नवऱ्याचं येत नाही,” आई म्हणाली आणि जावयाकडे बघून हसली. १७ जून १९४४ला प्रजासत्ताकाची घोषणा पावसात इथेच झाली, हे मी वाचून दाखवत होते तोवर ती दोघं पुढे निघून गेली होती.

दुपारी लॉयगारवाटनच्या तळ्याकाठी पाव खणून काढतात. लिहिताना चूक झालेली नाही, खणूनच काढतात. काळ्या रेतीत एक माणूस फावडं घेऊन उभा. चार फावडी मारली की खड्ड्यात पाणी खदखदायला लागतं. तिथून त्याने प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेलं भांडं वर काढलं, तळ्यात बुडवून थंड केलं, आणि आदल्या दिवशी पुरलेल्या भांड्याच्या जागी तिथेच नवं भांडं पुरून वर खुणेला दगड ठेवला. चोवीस तास. सरपण नाही, भट्टी नाही. झाकण काढल्यावर आतून तपकिरी, ओलसर, वाफाळता राईचा पाव निघाला. आई खड्ड्याच्या इतकी जवळ गेली, की तो माणूस फावडं आडवं धरून उभा राहिला.

“ही पोपटी आहे,” तिने जाहीर केलं. आमच्याकडे थंडीत शेतावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरून मडकं उलटं करून भोवती जाळ घालतात, तीच. तिने त्या माणसाला मराठी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या मिश्रणात मडकं कसं उलटं करायचं ते समजावलं. तो सगळं ऐकून म्हणाला, “गुड.” पावावर लोण्याचा जाड थर दिला. चव गोडसर आणि भरीव, जवळपास काकडीच्या धोंडसासारखी. एक अख्खा पाव विकत घेतला.

गेइसिर आता बहुधा झोपूनच असतो. गरम पाण्याच्या उसळत्या झऱ्यांना साऱ्या जगाने नाव दिलं ते याच म्हाताऱ्याचं. त्याच्या शेजारचा स्ट्रोक्कुर मात्र दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. लोक मोबाइल वर धरून उभे असतात आणि नेमकी हात दुखून खाली घेतला की उडतो. म्हणून मी मोबाइल खिशात टाकला आणि पाण्याकडेच बघत राहिले. आधी पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. मग मधोमध एक निळाशार घुमट फुगतो, दूध उतू जाण्याआधी साय फुगते अगदी तसा, क्षणभर तसाच राहतो, आतला वाफेचा बुडबुडाही दिसतो, आणि फुटतो. पंधरा-वीस मीटर सरळ वर. लेकीने सहा वेळा बघितलं. सहाव्या वेळी वारा फिरला आणि आम्ही सगळे भिजलो. पाणी अंगावर पडेपर्यंत थंड झालेलं असतं, आणि दोन मिनिटांत बाहीवर गोठतं.

गुत्लफॉसला पोचेपर्यंत उजेड चालला होता. धबधबा दोन टप्प्यांत बत्तीस मीटर खाली घळीत जातो, कडा गोठलेल्या, मधे पांढरा लोट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विजेसाठी परदेशी भांडवलदारांना भाड्याने द्यायचं चाललं होतं, तेव्हा जवळच्या शेतावरची सिग्रिदूर तोमासदोत्तिर रेक्याविकपर्यंत पायपीट करून भांडली. तिचा वकील स्वेइन ब्योर्नसन पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. तिथे तिचं शिल्प आहे. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, पाच मिनिटांत परत फिरलो.

२१ डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि आमचा सर्वांत लांब प्रवास. रेक्याविक ते विक, १८७ किलोमीटर. बटाटा कुणालाच नाही.

सेल्यालान्ड्सफॉस धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं म्हणतात. बर्फामुळे वाट बंद होती, साखळी लावलेली. काही लोक साखळी ओलांडून जात होते. आम्ही लेकीला सांगितलं की ती माणसं मूर्ख आहेत, आणि पुढे निघालो.

मग डावीकडे बर्फाची टोपी घातलेला एक रुंद डोंगर लागला आणि नवऱ्याने गाडी कडेला घेतली. “आई, हा तो.”

इथे थोडं मागे जावं लागेल. एप्रिल २०१०. वैशाखात अधिक मास आलेला. हा मुलगा लंडनहून चार दिवसांच्या रजेवर मला बघायला येणार होता. धोंड्याच्या महिन्यात असलं काही करू नये असं आत्याचं म्हणणं, आणि नुसतं बघायला काय हरकत आहे असं आईचं. रविवारी १८ तारखेला कांदेपोहे ठरले. आणि १४ एप्रिलला आइसलँडमधल्या एका डोंगराने राख उडवली, दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या युरोपातली विमानं सहा दिवस जमिनीवर. आत्या म्हणाली, बघ, धोंड्याच्या महिन्यात धोंडाच आडवा आला. पोहे शेजाऱ्यांना वाटले. हा मुलगा जूनमध्ये आला.

डोंगराचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. आई खाली उतरली, दार दोन्ही हातांनी धरून. कमरेवर हात ठेवून तिने त्याला नीट बघून घेतलं. “तेव्हा नाव घेता येत नव्हतं म्हणून शिव्याही देता आल्या नाहीत,” ती म्हणाली. मग काय बोलली ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. लेकीला मात्र हा शोध फार मोठा वाटला. “म्हणजे ज्वालामुखी फुटला नसता तर मी नसते?” बाबा म्हणाला, तू असतीसच, दोन महिन्यांनी मोठी असतीस. तिला हे पटलं नाही. स्कोगाफॉस हा पुढचा धबधबा येईपर्यंत ती त्यावर विचार करत होती.

रेइनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. मागे कड्याला षटकोनी खांबांची रास, जणू कुणी पेन्सिली गठ्ठ्याने उभ्या केल्यात. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, आणि चिखल सुकताना भेगाळतो तसा भेगाळत जातो, त्यातून हे खांब होतात. नवरा अंधेरीत वाढलेला. त्याला गिल्बर्ट हिल आठवली, इमारतींच्या गराड्यात उभा असलेला तसाच खांबांचा कडा. शाळेतून येताना रोज दिसायचा, म्हणाला, आणि आम्ही त्याला नुसता डोंगर म्हणायचो.

या किनाऱ्याची ख्याती त्याच्या लाटांबद्दल आहे. पाचसहा लाटा निमूट येऊन जातात आणि मग एक मोठी, कसलीही चाहूल न देता, पार आतपर्यंत येऊन माणूस ओढून नेते. वाटेवर धोक्याचे दिवे आहेत, त्या दिवशी पिवळा होता. सगळ्यांना सूचना दिल्या. लेक बाबाचा हात धरून मागेच थांबली. आणि आमच्या मातोश्री, “मला समुद्र शिकवू नका, अलिबागची आहे मी,” असं म्हणत चार पावलं पुढे गेल्या, खाली वाकून काळा गुळगुळीत गोटा उचलला आणि उलटसुलट करून बघू लागल्या. लाट आली. नवऱ्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं तोवर गुडघ्यापर्यंत पाणी. कुणीच ओरडलं नाही, तेच जास्त भयंकर होतं. गोटा तिने तिथेच टाकला. गाडीत हीटरपुढे पाय धरून बसलेली असताना ती एवढंच म्हणाली, “आपला समुद्र सांगून येतो.”

रात्री विकच्या घरात साडेदहाला लेक पडद्याआडून हाक मारायला लागली. आज खिडकीत डोकावणारा यायचा होता आणि त्याने आत डोकावण्याआधी ती बाहेर डोकावून बसली होती. “आई, ढग हलतोय.” डोळ्यांना तो राखाडी पट्टाच दिसत होता. मोबाइलने फोटो काढला तर हिरवा. अर्ध्याअधिक लोकांचं नॉर्दर्न लाइट्स इतपतच असतं, मोबाइलला जास्त दिसतं आणि आपल्याला कमी. पण दहा मिनिटांनी पट्ट्याला खरोखरच रंग चढला, खालच्या कडेला जांभळी झाक आली आणि तो सळसळायला लागला. शंभरेक किलोमीटरवर सूर्याकडून आलेले कण प्राणवायूवर आदळतात, म्हणून हा हिरवा, असं लेकच आम्हाला सांगत होती, दात वाजत असताना. आई माझा कोट, नवऱ्याची टोपी आणि सोफ्यावरची चादर एवढं पांघरून पायरीवर उभी होती. “वाळत घातलेलं लुगडं,” ती म्हणाली. बराच वेळ बघून झाल्यावर, “नऊवारी.”

२२ डिसेंबर

सकाळी आजीच्या बुटात बटाटा.

तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. जावयाकडे बघितलं, त्याने हात वर केले. लेक खिडकीशी पाठ करून उभी, बाहेर अतिशय लक्ष देऊन बघत होती. बाहेर काहीही दिसत नव्हतं. रात्रीत वादळ आलं होतं. हवामान खात्याचा नकाशा नारिंगी, रस्त्यांचा नकाशा लाल. विकच्या दोन्ही बाजूंनी हमरस्ता बंद.

आईने बटाटा उचलला, पुसला आणि पदराला गाठ मारावी तसा स्वेटरच्या खिशात ठेवला. दिवसभर तो तिथेच होता.

विक हे तीनचारशे पावलांत संपणारं गाव, त्याच्या डोक्यावर कात्ला, हिमनदीखाली झाकलेला ज्वालामुखी. शेवटचा मोठा उद्रेक १९१८चा. तेव्हा लाव्ह्यापेक्षा वितळलेल्या बर्फाचा पूर मोठा होता, त्याने एवढा गाळ आणला की किनारा समुद्रात पुढे सरकला. आजही कात्ला जागा झाला तर टेकडीवरच्या चर्चकडे पळायचं, हे इथल्या मुलांना पाठ असतं. लेकीने घरापासून चर्चपर्यंत किती पावलं ते मोजायला निघायचा हट्ट धरला, पण वाऱ्यात तिला उभंच राहता येईना.

शेवटी चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या लाव्हा शोला गेलो. १९१८च्या कात्लाचाच दगड भट्टीत अकराशे अंशांना वितळवतात आणि तुमच्यासमोर उतारावरून ओततात. डोळ्यांना चष्मे देतात. दिवे गेले, आणि काकवी ओतावी तसा नारिंगी ओघळ खाली उतरला. चौथ्या रांगेत असूनही तोंडावर तव्याजवळ वाकल्यासारखी धग. वरून काळी साय धरते, ती सुरकुतते, फाटते, खालून पुन्हा नारिंगी दिसतं. थंड होताना काचेसारखा टणत्कार करत तडकतो. लेक श्वास रोखून बघत होती. केफ्लाविकच्या रस्त्यावर न दिसलेला लाल उजेड तिला इथे भेटला.

परत आल्यावर विचारलं, “आपल्याकडे का नाही?” नवऱ्याने सांगितलं, आपल्याकडे होऊन गेलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला अशाच भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला, आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे हा देश पाच वेळा मावेल इतका. सह्याद्रीला घाटात ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते एकेक थर. “आजीच्या अंगणातला काळा दगड?” तोही. “मग आजी लाव्ह्यावर कपडे धुते?” धुते.

संध्याकाळी आईने वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या आणि घरातला धुराचा भोंगा असा काही किंचाळला की शेजारच्या घरातला जर्मन बर्फात मोज्यांवर बाहेर आला. आजचा भाऊ लांब नाकाचा, दाराशी येऊन वास घेणारा. दारहुंग्या आला, असं म्हणून लेक हसून हसून जमिनीवर लोळली. जर्मनाला वरणभात दिला.

२३ डिसेंबर

दहाला रस्ता उघडला. परतीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की नवरा चार तास दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला आणि कुणीही त्याच्याशी बोललं नाही.

२३ला थोरलाक्समेसा असते, संत थोरलाकुरचा दिवस. या दिवशी आंबवलेला स्केट मासा शिजवतात. गल्लीत शिरल्याबरोबर अमोनियाचा असा भपकारा आला की लेकीने मफलर नाकावर ओढला. आई मात्र थबकली, नाक वर केलं. “मुशी जुनी झाली की असाच वास येतो.” खाणार का विचारलं, तर म्हणाली विचार करते. ज्या बाईने नळाच्या पाण्याला नाक मुरडलं, ती इथे विचार करत होती.

संध्याकाळी लॉयगावेगुर रस्त्यावर सगळं शहर उतरलेलं. दुकानं उशिरापर्यंत उघडी, पुस्तकांच्या दुकानात रांगा, कारण नाताळच्या रात्री पुस्तकं भेट द्यायची इथली रीत आहे. मग मेणबत्त्या घेतलेल्या माणसांची शांतता फेरी निघाली. घोषणा नाहीत, गाणं तेवढं. कुणीतरी आमच्याही हातात मेणबत्त्या दिल्या आणि आम्ही चालू लागलो. लेकीची वाऱ्याने दोनदा विझली, दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, फ्रिज रिकामा करायचा होता. आईने खिशातला बटाटा काढला, ओट्यावरचे दोन घेतले, पिशवीत उरलेले घेतले आणि उकडायला लावले. या वेळी खिडकी उघडून, भोंग्याखाली जावयाला टॉवेल घेऊन उभं करून फोडणी दिली. पिवळी भाजी, आणि पुऱ्यांऐवजी तीन दिवसांचा खणून काढलेला पाव तव्यावर लोण्यात भाजून. नीट जमलं होतं. पाव अजून मऊ होता.

जेवताना लक्षात आलं, लेकीने एक बटाटा उकडायच्या आधीच बाजूला काढून ठेवलाय. विचारलं तर म्हणाली, उद्या शेवटचा यायचाय, मेणबत्त्या चोरणारा.

“मग?”

“तो चोर आहे ना. त्याचे बूट कुठे असतात?”

आजीने आपले बूट खिडकीतून काढून घेतले.